पेटीत चिठ्ठ्या का पडत नाहीत?

प्रश्न : अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी लाइन सुपरवायझर आहे. हाताखाली २६ जण, त्यातले १५ कंत्राटी. आठ महिन्यांपूर्वी मालकांनी गेटजवळ सूचनापेटी लावली, वर 'चांगल्या कल्पनेला ५०० रुपये' असा बोर्ड. आजवर तीन चिठ्ठ्या आल्या. दोन चहाबद्दल, तिसरी कोरी. मालक म्हणतात, "आपल्या लोकांना डोकंच नाही." मला हे पटत नाही, पण लोकांना बोलतं कसं करू?
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, चहाच्या त्या दोन चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा काहीच झालं नसावं. चहाबद्दल सांगूनही कोणी दखल घेत नाही म्हटल्यावर मशीनबद्दल कोण कशाला सांगेल? तेव्हा आधी चहाचं बघा. जमत असेल तर बदला, जमत नसेल तर का नाही ते लाइनवर उभं राहून सगळ्यांना सांगा.

चिंचवड-भोसरीत शॉपफ्लोअरवर माझी चौतीस वर्षं गेली. तिथे माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. १९९४ सालची गोष्ट. ड्रिलिंगला एक ब्रॅकेट यायचा. जिगच्या, म्हणजे नग पकडून ठेवणाऱ्या साच्याच्या, कोपऱ्यात चिप्स (धातूचा कीस) अडकल्या की नग तिरका बसायचा आणि होल सरकायचं. म्हणून ऑपरेटर दर नगाला ब्रश मारायचा, त्यात सहा-सात सेकंद जायचे. एके दिवशी चहाच्या सुट्टीत त्याने कानस घेतली आणि त्या कोपऱ्यात नखाएवढी खाच पाडली. चिप्स आपोआप खाली पडायला लागल्या. मला दाखवताना बिचारा घाबरलेलाच होता, कंपनीच्या जिगला न विचारता हात लावला म्हणून. मी खूश! लगेच वर रिपोर्ट केला. पुढच्या महिन्यात त्या मशीनचं टार्गेट शिफ्टला ४०० वरून ४५० झालं. कागदावर सही माझी. त्याला मिळालं काय, तर लॅमिनेट केलेलं एक सर्टिफिकेट आणि रोजचे पन्नास नग जास्तीचे.

तो भांडला नाही. पण पुढची दोन वर्षं त्या लाइनवरून माझ्याकडे एकही कल्पना आली नाही. फार उशिरा कळलं की दुसऱ्या दोघांनी अशाच युक्त्या करून ठेवल्या होत्या. एकाकडे तर घरून करून आणलेला पत्र्याचा स्टॉपर होता. मी येताना दिसलो की तो काढून खिशात टाकायचा.

म्हणून मालकांकडून आधी एक शब्द घ्या: कोणाच्या युक्तीने वेळ वाचला तर सहा महिने त्या मशीनचं टार्गेट वाढणार नाही. हा शब्द मिळाला नाही तर बाकीची खटपट करूच नका, लोकांचं नुकसान कराल.

आता 'डोकं नाही'बद्दल. १९६१ साली जपानमध्ये शिगेओ शिंगो या औद्योगिक अभियंत्यासमोर एक साधी अडचण आली. स्विच जोडताना दोन स्प्रिंगा बसवायच्या असत, आणि एखादी बसवायची राहून जाई. तंबी देऊन फरक पडत नव्हता. शिंगोंनी सुचवलं, आधी दोन स्प्रिंगा छोट्या बशीत काढून ठेवा, मग जोडणीला लागा. काम संपल्यावर बशीत स्प्रिंग दिसली की चूक तिथेच कळते. खर्च एका बशीचा. अशा युक्त्यांना ते 'बाका-योके' म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. पुढे एका कारखान्यात हे नाव ऐकून एक कामगार बाई रडायलाच लागल्या, आपल्याला मूर्ख समजतात म्हणून. शिंगोंनी नाव बदलून 'पोका-योके' केलं. पोका म्हणजे अनवधानाने झालेली चूक. तुमच्या मालकांचं ते वाक्यही लाइनपर्यंत पोचलेलं असणार. असली वाक्यं केबिनमध्ये राहत नाहीत.

पेटी काढायची गरज नाही. मात्र रोज शिफ्ट सुरू झाल्यावर एकेका मशीनपाशी पाच मिनिटं उभ्या राहा. "काही सूचना आहे का?" असं विचारू नका, त्यावर सगळे "नाही मॅडम" म्हणतात. "हात कुठे अडकतो? कंटाळा कशाचा येतो?" असं विचारा. सांगतील ते वहीत लिहा: तारीख, नाव, काय केलं. नाही म्हणायचं असेल तरी आठवड्याच्या आत, कारणासकट. आणि दोन हजारांपर्यंतचा खर्च तुमच्या सहीने करता यायला हवा. वीस रुपयांच्या स्प्रिंगसाठी फाइल मालकांच्या टेबलावर गेली की माणसाचा उत्साह तिथेच संपतो.

कंत्राटी पोरांचं अवघड आहे, ते कबूल. सात महिन्यांनी ब्रेक मिळणारा, म्हणजे कामावरून कमी होणारा मुलगा कशाला डोकं चालवेल? पण हातांना त्रास त्यालाही होतो. त्याच्यापुरतं विचारा, त्याच्या मशीनवर त्यालाच करून बघू द्या. ५०० रुपये द्यायचेच असतील तर पगारात घालू नका, त्याच दिवशी हातात द्या.

ती कोरी चिठ्ठी मात्र मला आवडली. पेटी उघडतात तरी का, हे कोणीतरी तपासून बघितलंय. कोणी टाकली ते शोधत बसू नका.