केस जातायत: उपचार करावेत की स्वीकारावं?

तुम्ही लिहिलंय की वय २६ आहे, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकतायत, वडिलांना टक्कल आहे, आणि औषधपाणी करावं की सोडून द्यावं ते कळत नाही. मी चोविसाव्या वर्षी इथेच अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी केस कशामुळे जातायत ते कळायला हवं. एका वर्षी माझे आणि माझ्या बहिणीचे, दोघांचेही केस जात होते. तिला टायफॉईड होऊन गेला होता आणि अडीच महिन्यांनी विंचरताना पुंजकेच्या पुंजके हातात यायला लागले. ती रडायची. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा उपाशी राहून वजन उतरवणं, यानंतर असं होतं. एरवी केस थोडेथोडे करून वाढ थांबवून विश्रांतीत जातात; अशा वेळी पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. मुळं मात्र शाबूत असतात. तिचे केस वर्षभरात परत आले. माझे रोज फार गळतही नव्हते, तरी डोकं उघडं पडत होतं.

आनुवंशिक टकलाचं हे असंच असतं. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. माथ्यावरची आणि कपाळाजवळची मुळं त्याला संवेदनशील असतील तर दर खेपेला उगवणारा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड होतो, शेवटी नुसती लव उरते. त्यामुळे उशीवरचे केस मोजून काही कळत नाही. दिवसाला ५० ते १०० केस तर कुणाचेही गळतात. कपाळाजवळचे केस मागच्या केसांपेक्षा बारीक झालेत का, ते बघा.

मी दोन वर्षं तेलं, कांद्याचा रस आणि बायोटिनच्या गोळ्यांत घालवली. केस दाट येतील म्हणून डोकं दोनदा भादरलंही. वस्तरा कातडीच्या वरचा केस कापतो, मुळाला त्याचा पत्ताही नसतो. बायोटिन शरीरात कमी असेल तरच उपयोगी पडतं. त्या दोन वर्षांची मला आजही हळहळ वाटते, कारण बारीक झालेला केस औषधाने सावरू शकतो, पण पूर्ण गेलेला सहसा परत येत नाही.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले आणि १९८८ साली अमेरिकेत ते डोक्याला लावायचं औषध म्हणून मान्य झालं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते. मी पहिल्यांदा तेव्हाच घाबरून बंद केलं होतं. खरं तर जुने केस ढकलून नवे येत असतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. फिनास्टेराइडची गोळी डीएचटी कमी करते, त्यामुळे पुरुषांत गळती थांबवायला ती जास्त प्रभावी ठरते. पण काहींना लैंगिक तक्रारी होतात, काहींचं मन खचतं. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलल्याशिवाय ती सुरू करू नका. दोन्ही औषधं चालू असेपर्यंतच काम करतात.

प्रत्यारोपणाची घाई तर मुळीच करू नका. त्यात डोक्याच्या मागचे केस पुढे लावतात, नवे तयार होत नाहीत. या वयात पुढची रेषा भरून घेतली आणि त्या रेषेमागचे जातच राहिले, तर मधे मोकळी जागा पडते.

मी सहा वर्षं औषध घेतलं आणि मग थांबलो. औषध चांगलं चाललं होतं. पण रोज रात्री आरशासमोर तेच, प्रवासाला निघताना आधी तीच बाटली, याचा मला शीण आला होता. थांबल्यावर काही महिन्यांत राखलेले केस गेले. पहिले काही आठवडे मी फोटोत यायचं टाळलं, मग केस अगदी बारीक कापले, आणि हळूहळू त्याचा विचार मागे पडला. हे मला चोविसाव्या वर्षी जमलं नसतं. तेव्हा औषधाने मला वेळ मिळवून दिला. म्हणून स्वीकारणं आणि उपचार यांत मला भांडण दिसत नाही.

एक गोष्ट मात्र कारण न कळता स्वीकारू नका. गोल चट्ट्यांत केस गेले, म्हणजे आपण ज्याला चाई म्हणतो, किंवा टाळूची आग, लाली, खपल्या असतील, कातडी गुळगुळीत चकाकायला लागली असेल, तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. काही आजारांत मुळाच्या जागी व्रण तयार होतो आणि तिथे पुन्हा केस उगवत नाही. तुमचं वर्णन तसं वाटत नाही, पण खात्री तपासूनच होईल.

उपचार घ्यायचे ठरवलेत तर सुरू करण्याआधी एकाच उजेडात, केस कोरडे असताना, समोरून आणि वरून फोटो काढून ठेवा. माझ्याकडे सुरुवातीचा एकही फोटो नव्हता, त्यामुळे पहिल्या वर्षी किती फरक पडला हे मला आणि डॉक्टरांना अंदाजानेच ठरवावं लागलं.