निजल्यावर बरं वाटतं, बसवलं की धाप लागते

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पैलवान. कुस्ती करताना मानेवर पडला आणि सहाव्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झाली. खांदे, कोपर हलतात. छातीखाली काही नाही. निजलेला असताना श्वास ठीक असतो, खुर्चीत बसवलं की धाप लागते. कफ सुटत नाही. तीन चेंडूंचं यंत्र दिलंय, पण तो म्हणतो, "छातीच मेली, आता व्यायाम कसला?" खरंच उपयोग होतो का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : होतो. आणि छाती मेलेली नाही, हे त्याला आधी सांगा. श्वासाचा मुख्य स्नायू म्हणजे छाती-पोटामधला पडदा. त्याची नस मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून, म्हणजे इजेच्या वरून निघते. बंद पडलेत ते बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू. पोट सैल असल्यानं बसल्यावर आतडी पुढे ओघळतात, पडदा खाली उतरून सपाट होतो आणि त्याला ओढ घ्यायला वाव राहत नाही. निजल्यावर तीच आतडी पडद्याला वर ढकलतात. म्हणून बसवण्याआधी, निजलेला असतानाच, पोटाला रुंद पट्टा बांधा. बरगड्यांखालून कमरेच्या हाडापर्यंत; बरगड्या आवळू नका. निजवलं की सोडा आणि कातडी रोज बघा. पट्टा रुतला तरी त्याला कळणार नाही.

तीन चेंडूंचं यंत्र दीर्घ श्वासाची सवय लावतं, पण तालमीतली मुद्गलांची जोडी न घेता नुसते हात फिरवावेत तसं ते आहे. ताकदीसाठी श्वास आत ओढताना अडथळा देणारं स्प्रिंगचं छोटं यंत्र मिळतं. फिजिओथेरपिस्ट भावाचा श्वास ओढण्याचा सगळा जोर मोजून साधारण 30 टक्क्यांवर सुरुवात करून देतात आणि हळूहळू वाढवतात. चक्कर आली तर थांबायचं.

माझ्या मते तुमच्या घरी खरी निकड खोकल्याची आहे. कफ साठला की न्यूमोनिया होतो, आणि अशा रुग्णांच्या जिवावर बेतणारं ते एक मोठं कारण आहे. त्यानं खोल श्वास घ्यायचा, क्षणभर धरायचा; तो खोकतो त्याच क्षणी तुम्ही बेंबीच्या वर तळवे ठेवून आत आणि वर दाबायचं. हे वाचून करू नका, फिजिओथेरपिस्टसमोर शिका. जेवणानंतर लगेच किंवा बरगडी मोडलेली असताना तर नकोच. घरातल्या दोघांना तरी यायला हवं.

त्यानं तालमीत काढलेल्या जोरांचाही इथे उपयोग आहे. छातीच्या वरच्या भागातल्या मोठ्या स्नायूला इजेच्या वरूनही नसा येतात. तो स्नायू बळकट केला तर खोकताना बरगड्या आत ओढायला मदत होते. त्याला हे जरूर सांगा, पैलवानाला पटेल.

ताप, रंग बदललेला कफ, निळसर ओठ किंवा नेहमीपेक्षा जास्त गुंगी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अचानक डोकं ठणकून चेहऱ्याला घाम फुटला तर पट्टा सोडा, ताठ बसवा, लघवीची नळी दुमडली आहे का बघा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.