एक्सआरएफ नाही, आयसीपी नाही, टी.वाय.ला भूरसायनाची प्रात्यक्षिकं काय घ्यायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायला नुकतंच रुजू झालात, टी.वाय.बी.एस्सी.चा भूरसायनाचा, म्हणजे दगड, माती आणि पाणी यांच्या रसायनाचा, पेपर वाट्याला आला. विभागात दगडांची कपाटं आणि सूक्ष्मदर्शक आहेत, पण एक्सआरएफ (क्ष-किरणांनी दगडातली मूलद्रव्यं मोजणारं) किंवा आयसीपी (विरघळवलेल्या नमुन्यातली मूलद्रव्यं मोजणारं) असं विश्लेषणाचं एकही मोठं यंत्र नाही. आतापर्यंत प्रात्यक्षिक म्हणजे छापील तक्त्यांवरून आलेख काढणं एवढंच होतं. हाताने करून घेण्यासारखं काही आहे का?

भरपूर आहे. आणि यंत्र असलेल्या विभागांचा फार हेवा करू नका. एक्सआरएफ असतं तिथेही टी.वाय.ची मुलं पावडरचं पेलेट दाबतात, ऑपरेटरच्या हातात देतात आणि पुढच्या आठवड्यात दहा ऑक्साइडांची छापील यादी घेऊन येतात. यादीतला सिलिकाचा दुसरा दशांश खरा की खोटा हा प्रश्न त्यांना पडत नाही, कारण तो आकडा त्यांनी काढलेलाच नसतो. नमुना कुठून उचलला, वाटेत त्याचं काय काय झालं आणि हाती आलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे शिकायला ब्युरेट, चांगला तराजू, मफल भट्टी आणि शेजारचा रसायनशास्त्र विभाग पुरतो. त्या विभागाच्या लॅब असिस्टंटशी आधी जमवून घ्या. प्राचार्यांच्या सहीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

सुरुवात दगडापासून करू नका, पाण्यापासून करा. दगड विरघळवणं ही वेगळीच कटकट आहे. पाण्यात ते काम निसर्गाने आधीच करून ठेवलेलं असतं. प्रत्येकाने आपल्या गावातल्या विहिरीचं किंवा बोअरचं लिटरभर पाणी आणायचं. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, पीएच आणि तापमान तिथल्या तिथे मोजायचं, आणि अल्कलिनिटीचं (पाण्याच्या आम्ल पचवण्याच्या क्षमतेचं, ज्यावरून बायकार्बोनेट काढतात) टायट्रेशन शक्यतो त्याच दिवशी करायचं. बोअरच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडाला की पीएच वर सरकतो, आणि बाटलीच्या तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसलं तर कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही कमी भरतात. हे नुसतं सांगू नका. एक बाटली आठवडाभर झाकण उघडं ठेवून तशीच राहू द्या आणि पुन्हा मोजायला लावा.

बाकीच्या पद्धती रसायनशास्त्रवाल्यांना पाठच असतात. पीएच १० ला एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक घालून इडीटीएने एकूण हार्डनेस, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून, काढायचा (०.०१ मोलर इडीटीएचा १ मि.लि. म्हणजे १ मि.ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेट), पीएच १२ ला म्युरेक्साइड हा दर्शक घालून एकट्या कॅल्शियमचा, आणि वजाबाकीतून मॅग्नेशियम. क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटने, सल्फेट बेरियम क्लोराइडच्या गढूळपणावरून, सोडियम-पोटॅशियम ज्योतीच्या रंगावरून मोजणाऱ्या फ्लेम फोटोमीटरवर. तो बहुतेक कॉलेजांत कुठेतरी धूळ खात पडलेला असतो.

खरा तास यानंतर सुरू होतो. सगळे आकडे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (म्हणजे वजनाऐवजी विद्युतभाराच्या मापात) बदलून धनभार आणि ऋणभार समोरासमोर मांडायला सांगा. समजा एका विहिरीत लिटरला कॅल्शियम ६० मि.ग्रॅ., मॅग्नेशियम ३०, सोडियम ४६ आणि पोटॅशियम १ आहे. म्हणजे अनुक्रमे २.९९, २.४७, २.०० आणि ०.०३, बेरीज ७.४९. दुसऱ्या बाजूला बायकार्बोनेट ३०५, क्लोराइड ७१, सल्फेट २४, म्हणजे साधारण ५, २ आणि ०.५, बेरीज ७.५. जमलं. आता फ्लेम फोटोमीटर नीट चालला नाही म्हणून कुणी सोडियम गाळलं, तर धनभार ५.४९ वर येतो आणि फरकाला दोन्ही बाजूंच्या एकूण बेरजेने भागलं की चूक उणे १५.५ टक्के निघते. पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, त्यापलीकडे गेली तर कुठेतरी गडबड आहे. विद्यार्थ्याला शिक्षकाच्या वहीतलं ‘बरोबर उत्तर’ लागत नाही, पाणी स्वतःच त्याचा हिशोब तपासतं. माझ्या मते पदवीच्या पातळीवर भूरसायनात याहून चांगलं प्रात्यक्षिक नाही.

चूक कोणत्या बाजूला आहे, तेही बोलतं. ऊसपट्ट्यातल्या विहिरींत पुष्कळदा धनभार जास्त भरतो, कारण आपण नायट्रेट मोजलेलंच नसतं. लिटरला ६२ मि.ग्रॅ. नायट्रेट म्हणजे अख्खा एक मिलिइक्विव्हॅलंट. मग वर्गात खतांची चर्चा आपोआप निघते. बेसॉल्टच्या विहिरीत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट वरचढ का, हे प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सीन या बेसॉल्टमधल्या मुख्य खनिजांवर मातीतल्या कार्बन डायऑक्साइडचा काय परिणाम होतो यावरून समजावता येतं. कोकण जवळ असेल तर तुरळ, राजवाडी किंवा वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम झऱ्याची एक बाटली आणा. तिथे क्लोराइडचा मोठा आकडा बघून मुलं टायट्रेशन पुन्हा करतात, आपलंच चुकलं असं वाटून. कलरीमीटरवर मॉलिब्डेनम ब्लूने सिलिका काढता आली तर सिलिका जिओथर्मोमीटरही (सिलिकावरून जमिनीखालचं तापमान काढायचं सूत्र) वापरता येतो: लिटरला ९० मि.ग्रॅ. सिलिका असेल तर क्वार्ट्‌झच्या सूत्राने जमिनीखालचं तापमान १३० अंश सेल्सिअसच्या आसपास येतं. लोणारचं पाणी मात्र मनात आलं म्हणून भरून आणू नका. ते अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी लागते.

आता दगड. रस्त्याच्या कटिंगमध्ये कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला बेसॉल्टचा गोटा शोधा, तो पाच-दहा किलोमीटरच्या आत सापडतोच. गाभ्यातला ताजा काळा दगड, मधला पापुद्रा, बाहेरचा मुरूम आणि वरची माती असे चार नमुने एका गटाला द्या आणि अख्खं सत्र त्यांच्याच मागे लावा. घनता हवेत आणि पाण्यात वजन करून काढायची (मुरूम आणि मातीला आधी मेणाचा थर द्या, नाहीतर पाण्यात विरघळून जातील). बारीक पूड पाण्यात कालवून पीएच. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उतरणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. ऑर्थोफिनॅन्थ्रोलिनने नारिंगी रंगावरून लोह. यातून संपूर्ण विश्लेषण मिळत नाही, पण गाभ्याकडून बाहेर जाताना काय धुऊन गेलं आणि काय मागे राहिलं त्याची दिशा हाताला लागते. मग बाहेरच्या एखाद्या प्रयोगशाळेकडून चारच नमुन्यांचं एक्सआरएफ पैसे भरून करून घ्या. तेवढा खर्च विभागाला पेलतो, आणि टायटॅनियम जागचं हलत नाही असं धरून बाकीचं किती गेलं याचं गणित विद्यार्थ्यांना स्वतः करता येतं. नेस्बिट आणि यंग यांनी १९८२ साली मांडलेला रासायनिक अपक्षयाचा (दगड किती कुजलाय ते सांगणारा) निर्देशांकही त्यांनी याच आकड्यांवर काढावा. ताज्या बेसॉल्टचा चाळिशीच्या आसपास असतो आणि शुद्ध केओलिनचा, म्हणजे पूर्ण कुजून उरलेल्या पांढऱ्या मातीचा, १००. आपला मुरूम मध्ये कुठे बसतो ते बघायला मजा येते.

कुटण्याचं काम फुकट घालवू नका. लोखंडी खलात दगड कुटला की लोखंड मिसळतं, हे सगळेच सांगतात. पण बेसॉल्टच्या पुडीत चुंबक फिरवून ते दिसत नाही, कारण त्यात मॅग्नेटाइट मुळातच असतं. म्हणून आधी पांढरा शुभ्र शिरेचा क्वार्ट्‌झ त्याच खलात कुटायला लावा आणि मग चुंबक फिरवा. चुंबकाला जे काळं चिकटतं ते सगळं आपल्या खलाचं. ती पूड तशीच आम्लात घालून लोह मोजा, तोच तुमचा ब्लँक, म्हणजे नमुन्याबाहेरून आलेल्या लोहाचा वजा करायचा आकडा. ज्यांनी हे केलंय त्यांना ब्लँक का घ्यायचा हे परीक्षेत विचारावं लागत नाही.

भट्टीचं प्रात्यक्षिक सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त गोंधळ उडवणारं. १०५-११० अंशांवर वाळवलेली पूड ९५० ते १००० अंशांवर तासभर तापवून वजनातली घट बघायची. मातीत आणि मुरमात घट भरपूर येते, कारण चिकणमातीच्या खनिजांतलं पाणी निघून जातं. पण ताज्या गाभ्याची पूड मात्र कधीकधी तापवल्यावर जड होते. करडी असलेली पूड तांबूस होऊन बाहेर येते आणि तराजू जास्त वजन दाखवतो. कारण साधं आहे: फेरस लोह हवेतला ऑक्सिजन घेऊन फेरिक होतं, आणि त्यात फेरस ऑक्साइडच्या वजनात सुमारे ११ टक्के भर पडते. दगडात ९ टक्के फेरस ऑक्साइड असेल तर नमुन्याचं वजन साधारण १ टक्का वाढणार. पाणी अर्धाच टक्का असेल तर उत्तर ऋण येणारच.

या ठिकाणी अर्धा वर्ग काय करतो ते तुम्हीही विद्यार्थी असताना पाहिलं असेल. उणे चिन्ह खोडून जर्नलमध्ये धन आकडा लिहितात. रीडिंग जुळवायची सवय बारावीपासूनच लागलेली असते, कारण तिथे गुण जुळण्याला मिळतात. तुमच्या हातात जेवढे अंतर्गत गुण आहेत ते उलटे वाटा. एकच नमुना तीन गटांना वेगवेगळ्या नावांनी द्या, सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहा, आणि फरक का पडला याचं स्पष्टीकरण देणाऱ्याला गुण द्या. तीनही गटांचे आकडे दुसऱ्या दशांशापर्यंत सारखे आले तर आपल्याला काय समजायचं ते समजतंच.

त्याच दिवशी जी-१ आणि डब्ल्यू-१ ची गोष्ट सांगा. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंडमधला वेस्टर्लीचा ग्रॅनाइट आणि व्हर्जिनियातला सेंटरव्हिलचा डायबेस यांची पूड करून अनेक नामांकित प्रयोगशाळांना वाटली होती. निकाल १९५१ मध्ये तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने छापले, तेव्हा आकड्यांतली तफावत अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठी निघाली. आज प्रयोगशाळा बीएचव्हीओ-२ सारखे प्रमाणित (ज्यांचे आकडे आधीच ठरलेले आहेत असे) नमुने सोबत चालवतात, त्या शिस्तीमागे हा अनुभव आहे. टी.वाय.च्या मुलाला आपला आकडा शेजारच्या गटाशी जुळला नाही याची लाज वाटायचं कारण नाही, एवढं त्यातून त्याला कळतं.

एका बाबतीत मी हट्टी आहे. सिलिकेट दगड पूर्ण विरघळवण्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल पदवीच्या प्रयोगशाळेत आणू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. ते त्वचेतून आत जातं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकून हृदयावर परिणाम करतं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल, खास फ्यूमहूड आणि प्रशिक्षित माणूस नसेल तर विषयच संपला. करूनच दाखवायचं असेल तर थोडी पूड सोडियम कार्बोनेटबरोबर प्लॅटिनमच्या मुशीत वितळवता येते. मूस उसनी मिळाली तर एकदा दाखवा, नाहीतर सोडून द्या.

आणि छापील तक्त्यांचे आलेख पूर्णपणे टाकू नका, फक्त तक्ता बदला. जिओरॉक हा दगडांच्या रासायनिक विश्लेषणांचा विदासाठा मोफत आहे. त्यातून दख्खनच्या बुशे आणि आंबेनळी या शैलसमूहांचे (लाव्हाच्या थरांच्या गटांचे) आकडे काढा, नावं झाका आणि कुठल्या लाव्हात वर येताना खंडीय कवचाचा दगड वितळून मिसळलाय ते शोधायला सांगा. बुशेत सिलिका जास्त आणि टायटॅनियम कमी. आंबेनळी त्या मानाने स्वच्छ. सहल काढायचीच असेल तर महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट घ्या. डोक्यावर जांभा, खाली क्रमाने महाबळेश्वर, आंबेनळी आणि पोलादपूर हे समूह. डोळ्यांना सगळा एकच काळा कातळ दिसतो, त्यांच्या सीमा ठरल्या त्या मुख्यतः रासायनिक विश्लेषणावरून. घाटात वाहनं वेगात असतात, म्हणून हातोडी चालवताना एकाला रस्त्याकडे तोंड करून उभं ठेवा, आणि गॉगल सगळ्यांना सक्तीचे करा. बेसॉल्टची कपची फार धारदार असते.

वेळापत्रकाचं विचारलंत तर पहिले दीड महिने पाणी, दिवाळीपर्यंत गोटा, आणि आलेख अगदी शेवटी, स्वतःचे आकडे हातात आल्यावर. एक्स्टर्नलला जर्नलमध्ये खाडाखोड दिसेल. ती तशीच राहू द्या, फक्त प्रत्येक खाडाखोडीशेजारी तारीख आणि कारण लिहायला लावा.