‘ती गेली तेव्हा रिमझिम’ या गाण्यातली ‘ती’ नेमकी कोण? प्रेयसी की आई?

आई. ग्रेस यांच्या मूळ कवितेत तसा स्पष्ट उल्लेखच आहे. तरीही असंख्य लोक हे विरहगीत म्हणूनच ऐकतात आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. पहिल्या कडव्यात ‘ती’ची ओळख कुठेच नाही, नुसता पाऊस आणि ढगांत अडकलेली किरणं सोडवणारा सूर्य. तिथे ज्याचं त्याचं माणूस येऊन उभं राहतं. त्यात हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि त्यांचाच आवाज. शब्दांचा अर्थ लागायच्या आधीच घसा दाटून येतो.

मला स्वतःला पुढचं कडवं जास्त लागतं. अंगणात कवितेतल्या मुलाला कळतं की आपलं बालपण संपलं, आणि खिडकीवर एकच धुरकट कंदील असतो. आई वारली की घर सोडून गेली, हे कविता सांगत नाही. म्हणूनच आई गमावलेल्यांना ते मृत्यूचं गाणं वाटतं, आणि लहानपणी घर मोडलेलं पाहिलेल्यांना त्याच कडव्यात आपलं घर दिसतं. दोघांचंही ऐकणं मला खरं वाटतं. एकदा पूर्ण कविता वाचा आणि मग गाणं पुन्हा लावा.