मूकपटांच्या काळातील विज्ञानपटांची पोस्टरे एवढी मौल्यवान का मानली जातात?

एका जुन्या जर्मन मूकपटाच्या पोस्टरसाठी लोक लाखो डॉलर का मोजतात आणि दुर्मिळतेखेरीज त्या कागदात काही आहे का, असे आपण विचारले आहे. दुर्मिळतेमुळे किंमत चढते हे खरेच आहे. परंतु १९२७ सालच्या ‘मेट्रोपोलिस’ या भविष्यातील यंत्रनगरीवरच्या जर्मन मूकपटाचे हाइन्झ शुल्झ-न्यूडाम यांनी केलेले पोस्टर चार आण्यांना मिळत असते, तरी मी ते थोर कलाकृतींतच धरले असते.

आधी दुर्मिळतेचे सांगतो. पोस्टर जपून ठेवण्यासाठी छापलेच जात नसे. खेळ बदलला की जुन्या कागदावर खळ फासून नवा कागद चिकटवला जाई. या पोस्टरच्या अवघ्या चार प्रती ज्ञात आहेत. त्यांपैकी एक न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे, तर दुसरी एक २००५ साली ६ लाख ९० हजार डॉलरना विकली गेली.

आता चित्राकडे वळू. सुमारे २११ सेंटीमीटर उंच आणि ९३ सेंटीमीटर रुंद अशा या अरुंद, उभ्या कागदावर वरच्या बाजूस कोनदार अक्षरांतले शीर्षक, त्याखाली आकाशात घुसणाऱ्या इमारती आणि सर्वांत पुढे, आपल्याकडे रोखून पाहणारा यंत्रमानव आहे. ज्या काळी चित्रपट नटनट्यांच्या चेहऱ्यांवर खपत, त्या काळी या पोस्टरवर एकाही माणसाचा चेहरा नाही, ही मला त्यातली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते. शिवाय तपकिरी-सोनेरी छटांच्या एकाच कुटुंबात सारे रंगवल्यामुळे शहर आणि यंत्र एकाच धातूतून ओतल्यासारखे दिसते, आणि चित्रपटाचा आशय कथेतला एकही प्रसंग न दाखवता रस्त्यावरून जाणाऱ्याच्या मनात उतरतो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. चित्रपट कृष्णधवल होता, आणि यंत्रमानवाचा पोशाखही धातूचा नव्हता. शिल्पकार वॉल्टर शुल्झे-मिटेनडॉर्फ यांनी तो अभिनेत्री ब्रिगिटे हेल्म यांच्या शरीराच्या साच्यावर लाकडाच्या लगद्यासारख्या पदार्थातून घडवून वर धातूसारखा रंग दिला होता. ती सोनेरी झाक पोस्टरकाराने आपल्या पदरची घातली आहे. फ्रान्समधील प्रदर्शनासाठी बोरिस बिलिन्स्की यांनी केलेल्या एका पोस्टरात इमारतींचीच दाटी आहे. तेही सुंदर आहे, पण त्यात ही रोखलेली नजर नाही.

ही पोस्टरे शिळाछाप पद्धतीची, म्हणजे तेलकट खडूने वा शाईने दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर रेखाटून, प्रत्येक रंगासाठी वेगळा छाप घेऊन छापलेली असत. राजा रविवर्म्यांची देवादिकांची चित्रे मळवलीच्या छापखान्यातून याच तत्त्वावर निघाली, आणि तो छापखाना पुढे फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने चालवला.

आपल्याला कोणी असे पोस्टर अस्सल म्हणून दाखवले, तर भिंगातून पाहावे. रंग जर एकसारख्या ओळीत बसलेल्या बारीक ठिपक्यांचे बनलेले दिसले, तर ती अलीकडची ऑफसेट छपाई समजावी. खडूने काढलेल्या शिळाछापात दाणा अनियमित असतो आणि छटा हाताने घोटल्यासारख्या विरत जातात.