एप्रिल महिनाच वाईट आहे का?

प्रश्न: टायटॅनिक एप्रिलमध्ये, जालियनवाला बाग एप्रिलमध्ये, चेर्नोबिल एप्रिलमध्ये, लिंकनचा खून पण एप्रिलमध्ये. दरवर्षी ही लिस्ट फिरत येते आणि खाली कोणीतरी लिहितंच की या महिन्यातच काहीतरी आहे. खरंच काही आहे की उगाच?

उत्तर: तारखा बरोबर आहेत, त्यात फेकाफेकी नाही. लिंकनला गोळी घातली 14 एप्रिल 1865 च्या रात्री, टायटॅनिक हिमनगाला धडकली 14 एप्रिल 1912 च्या रात्री, आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट झाला तोसुद्धा 14 एप्रिललाच, 1944 साली. पण याच तारखेला 1891 मध्ये बाबासाहेबांचा जन्म झाला, तो या लिस्टमध्ये कधीच दिसत नाही, कारण लिस्ट करणाऱ्याला फक्त वाईटच वेचायचं असतं.

आणि महिने आहेत बाराच. सगळे महिने सारखे धरून डोळे मिटून कुठल्याही पाच घटना उचलल्या तरी त्यातल्या निदान दोन एकाच महिन्यातल्या निघायची शक्यता साठ टक्क्यांच्या वर जाते, आणि तेरा उचलल्या तर निघणारच, सुटका नाही. ऑगस्टची लिस्ट करायला बसा, हिरोशिमा आणि नागासाकी 1945, क्राकाटोआ ज्वालामुखी 1883, बर्लिनची भिंत 1961, आपली फाळणी 1947, पाच मिनिटांत एप्रिलला मागे टाकेल.

म्हणून सगळंच योगायोग म्हणून उडवून लावायचं का, तर तसंही नाही. महिन्याचा हात नसतो पण ऋतूचा असतो, सणाचा असतो. टायटॅनिकचंच घ्या. ग्रीनलंडच्या हिमनद्यांचे तुकडे लॅब्राडोर प्रवाहाबरोबर दक्षिणेला वाहत येतात आणि न्यूफाउंडलंडजवळच्या जहाजांच्या वाटेवर त्यांची गर्दी होते ती साधारण वसंतात. म्हणजे एप्रिलमध्ये तिथे हिमनग असणं यात नवल काहीच नव्हतं, आणि त्या दिवशी दुसऱ्या जहाजांकडून वायरलेसवर इशारेही येत होते. जवळचं कॅलिफोर्नियन नावाचं जहाज तर बर्फामुळे रात्रीपुरतं थांबलंच होतं. त्याच्या ऑपरेटरने तसं कळवलं तर टायटॅनिकच्या ऑपरेटरने त्याला गप्प बस म्हणून झापलं, कारण तो प्रवाशांचे निरोप किनाऱ्यावर पाठवण्यात गुंतला होता. मग साडेअकराच्या सुमाराला कॅलिफोर्नियनवाल्याने मशीन बंद केलं आणि झोपायला गेला. 11 वाजून 40 मिनिटांनी टक्कर झाली, वायरलेसवरची मदतीची हाक ऐकायला तिकडे मशीनपाशी कोणी नव्हतंच. जहाजावर 2200 च्या वर माणसं, लाइफबोटीत जागा 1178 जणांना, आणि गेले सुमारे 1500. याच्यानंतर जहाजांनी वायरलेस चोवीस तास चालू ठेवायचा, लाइफबोटी सगळ्यांना पुरतील इतक्या ठेवायच्या आणि हिमनगांवर गस्त घालायची हे ठरलं. तेव्हा एप्रिलला दोष द्यायचा तर निदान पूर्ण द्या, बर्फ त्याचा, बाकी सगळं माणसांचं.

जालियनवालाचं त्याहून कठीण. 13 एप्रिल 1919 ला बैसाखी होती म्हणून आसपासच्या खेड्यांतली माणसं अमृतसरला आलेली, जमावबंदी आहे हे त्यातल्या अनेकांना माहीतच नव्हतं. रौलट कायद्यावरून वातावरण तापलेलं होतं, 10 एप्रिलला डॉ. सत्यपाल आणि डॉ. किचलू यांना पकडलेलं. डायर चिलखती गाड्या घेऊन आला होता पण गल्ली अरुंद म्हणून त्या बाहेर राहिल्या. साधारण दहा मिनिटांत 1650 गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा 379 मृत, काँग्रेसच्या चौकशीनुसार हजाराच्या वर. सण नसता तर त्या दिवशी तिथे इतकी गर्दी नसती, एप्रिलचा संबंध एवढाच. गोळीबाराचा हुकूम कॅलेंडरने दिला नव्हता.

चेर्नोबिलमध्ये मात्र महिना शोधून सापडत नाही, तिथे भानगड तासांची आहे. अणुभट्टीवरची एक टेस्ट 25 एप्रिल 1986 ला दिवसा व्हायची होती, पण विजेची मागणी होती म्हणून कीव्हच्या ग्रिडने थांबायला सांगितलं, ती रखडत रखडत रात्रपाळीच्या गळ्यात पडली आणि 26 तारखेला रात्री 1 वाजून 23 मिनिटांनी चौथी अणुभट्टी फुटली. हेच रखडणं मार्चमध्ये झालं असतं तरी हेच घडलं असतं.

प्रश्न: पण कोणी मुद्दाम तारीख धरून काही केलं असं झालंय का?

उत्तर: झालंय ना. 19 एप्रिल 1993 ला अमेरिकेत वेकोला एका पंथाच्या वस्तीला सरकारी वेढ्याच्या शेवटी आग लागून सत्तरच्या वर माणसं मेली. बरोबर दोन वर्षांनी त्याच तारखेला टिमथी मॅकव्हेने ओक्लाहोमा सिटीतली सरकारी इमारत उडवली, 168 बळी. ती तारीख त्याने वेकोचा सूड म्हणूनच निवडली होती. माझ्या मते सगळ्यात घाबरण्यासारखा प्रकार हाच, कारण वर्षश्राद्ध घालायच्या तारखा कोणीतरी जपून ठेवतं आणि मग त्याच यादीत नवी भर पडते.

प्रश्न: रशियाची ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरमध्ये का पाळायचे?

उत्तर: कारण रशिया तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरायचा, ते आपल्या वापरातल्या कॅलेंडरच्या 13 दिवस मागे होतं. तिथल्या 25 ऑक्टोबरला आपल्याकडे 7 नोव्हेंबर 1917 होता, आणि त्याआधीची फेब्रुवारी क्रांती तर आपल्या हिशोबाने मार्चमध्ये येते. 1918 मध्ये त्यांनी कॅलेंडर बदललं तेव्हा 31 जानेवारीनंतर थेट 14 फेब्रुवारी उजाडला. आता ज्यांना महिन्याचा ग्रह शोधायचाय त्यांनी ही क्रांती कुठल्या खात्यात टाकायची ते त्यांचं त्यांनी ठरवावं.