प्रोजेक्ट संपल्यावर मुलांचं शिकणं चालू कसं ठेवायचं?

तुम्ही विचारलंय की प्रदर्शन झालं, मार्क मिळाले, मग त्या प्रोजेक्टचा मुलांना पुढे उपयोग कसा होईल. मी ठाण्यात विज्ञान शिकवतो आणि नेमक्या ह्याच गोष्टीवरून माझं आमच्या मोठ्या बाईंशी वाजलं होतं, त्यामुळे लांब होणार आहे.

सातवीला पर्जन्यमापक करायला दिला होता. बाटली कापून तोंड उलटं आत बसवायचं, बुडाशी खडे, बाहेर १५ सेंटीमीटरची पट्टी, तिच्या शून्यापर्यंत पाणी, तो सगळ्यांनाच माहीत असतो. पण मुलं राहणार कोपरी, कळवा, वर्तकनगर, घोडबंदर रोड, त्यामुळे एकाच सकाळी एकाकडे २२ मिलिमीटर तर दुसऱ्याकडे ६०, आणि वर्गात नुसता कल्ला, तुझं चुकलंय, तुझी बाटली झाडाखाली आहे! महिनाभर हेच. ऑगस्टमध्ये प्रदर्शन झालं आणि सोमवारी जाऊन बघतो तर शाळेतल्या बाटल्या भंगारात, तक्ते रद्दीत. मोठ्या बाई म्हणाल्या, "सर, मार्क दिलेत ना? आता पोर्शनकडे बघा." ऐन पावसाळ्यात पाऊस मोजणं बंद. मला ते अजून लागतं.

घोडबंदरची एक मुलगी मात्र घरी मोजतच राहिली, मला पत्ताच नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर वही घेऊन आली. रोजची तारीख, पुढे आकडा. एका जागी लिहिलेलं, "मोजलं नाही, आजीकडे होते." आणि सप्टेंबरात एका दिवसापुढे, "१५० च्या वर. बाटली भरून वाहिली. किती ते माहीत नाही." मी ती ओळ दोनदा वाचली. मार्कांसाठी असतं तर तिथे आकडा ठोकून दिला असता, प्रयोगवहीत दरवर्षी ठोकतातच.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे मी वर्गात सांगितलेलं तेव्हा कोणी मान वर केली नव्हती. हिने बाबांना घेऊन बिल्डिंगची गच्ची मोजली, साधारण ३०० चौरस मीटर भरली. म्हणजे १०० मिलिमीटरच्या एका दिवसात ३०,००० लिटर, दहा हजारवाले तीन टँकर, सरळ गटारात. आणि मे महिन्यात त्यांच्याच गेटवर टँकर उभा. "सर, सेक्रेटरी काकांना दाखवू का?" तो कागद सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाचला गेला. गच्चीचं पाणी साठवायची सोय अजून झालेली नाही, पण वाचला गेला.

तर तुमचं उत्तर, वही फेकू नका आणि पुढच्या वर्गाला द्या. पुढच्या जूनमध्ये हीच मुलगी नव्या सातवीला सांगायला आली की पट्टी पुरत नाही, उंच बाटली घ्या. त्या पोरांना मागच्या वर्षीच्या तारखा आयत्या मिळाल्या, तुलना करायला काहीतरी हातात होतं. आणि सर सोडून दुसऱ्या कोणाला तरी त्या आकड्यांची गरज पडली पाहिजे, मग मूल थांबत नाही.

पोर्शनचं म्हणाल तर दशांश, सरासरी, क्षेत्रफळ, घनफळ सगळं त्या एका वहीत होतं. १९३७ ला वर्ध्यात गांधीजींनी नई तालीम ही शिक्षणाची पद्धत मांडली, त्यात सूतकताई रोज करायची आणि गणित त्यातूनच शिकायचं असंच होतं, प्रदर्शनापुरती टकळी नव्हती. हे मी तेव्हा मोठ्या बाईंना सांगायला हवं होतं. मार्क दिल्यावर जे थांबतं ते शिकणं नव्हतंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळी मुलं असं करत नाहीत हेही खरं, त्या वर्गातून घरी चालू ठेवणारी ही एकच निघाली, बाकीच्यांवर जबरदस्ती केली तर ती आकडे ठोकणार. आणि विजा कडाडत असताना कोणाला गच्चीवर पाठवू नका, सकाळी साडेआठला एकदाच मोजायचं, हवामान खात्याचंही माप तेव्हाच घेतात.